उभ्या गवताचा पंचनामा

मी पत्रकं लिहिते. पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर एका बाजूला छापलेली, तहसील कचेरीच्या दारात हातात कोंबली जाणारी, आणि थोड्या वेळानं ज्यांच्यात वडापाव गुंडाळलेला दिसतो, ती पत्रकं. संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हटल्यावर पहिला मथळा सुचला तो 'डोंगर कुणाच्या बापाचा?' असा. तो खोडला. पत्रकात राग पुरतो. दिवाळी अंक वाचणारा माणूस फराळाची बशी मांडीवर घेऊन बसलेला असतो, त्याला नुसता राग वाढून भागत नाही. तरी मधूनमधून येईल, सांभाळून घ्या.

घर आमचं तारापूरजवळ. वडिलांची लहानशी वाडी, भाऊ बोईसरला कंपनीत. शिक्षण संपल्यापासून मी एका संघटनेचं पूर्णवेळ काम करते. हा धंदा पाहुण्यांना काय म्हणून सांगायचा यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आई 'समाजसेवा' म्हणते, भाऊ 'उचापती'. खरं तर ते बाकावर बसायचं काम आहे. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब पालघरला गेलेत, साहेब जेवायला गेलेत, तोवर बाक. बाकावर बसून मी अर्ज लिहिते, अर्जाच्या झेरॉक्स काढते, पोच घेते. पोच म्हणजे आमच्याच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांचा शिक्का. त्या शिक्क्यासाठी मी जेवढी भांडले आहे तेवढी सख्ख्या भावाशी भांडलेली नाही.

गिऱ्हाइकंही येतात. वहिनीच्या कोंबड्यांविरुद्ध पत्रक काढून द्या म्हणून एकजण दोनदा आला. म्हटलं, कोंबड्या वाचत नाहीत. तो म्हणाला, वहिनी वाचते. एकदा एका कंपनीतला झाडं लावायच्या खात्याचा माणूस आला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "मॅडम, पर्यावरण का पर्चा हम छपवा देंगे, बस नीचे हमारा लोगो डाल दीजिए." आमच्या पत्रकात शिव्या कुणाला असतात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच कंपनीला असतात.

आता डोंगर. पाड्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे आणि माझ्या शब्दांचा वापर माझ्याच माणसांविरुद्ध होताना मी पाहिला आहे. बोईसरहून पूर्वेला जीपनं निघालात की चिमण्यांचा धूर मागे पडतो आणि हा डोंगर समोर येतो. माथ्यावर साग, ऐन, खैराचं रान. खाली दोन मोठ्या उतरणी, एक उगवतीकडची, एक मावळतीकडची. दोन्हींवर झाड तुरळक, नुसतं गवत. मावळतीच्या उतरणीवर उभं राहिलं की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी तारापूरच्या अणुकेंद्राची इमारत आणि मागे समुद्राची पट्टी दिसते.

डोंगर संरक्षित आहे. म्हणजे काय, तर तिथलं जंगल, जनावर, झरे सरकारी राखणीत. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाही कायद्यानं एक हक्क मागता येतो: हा डोंगर आम्ही वापरतो, आम्हीच राखतो, तसं लिहून द्या. पाड्यानं तो मागितला होता. दावा बरीच वर्षं फायलीत पडून होता. पण गवत कापायला कोणी अडवत नव्हतं, आणि त्या गवतावर पाडा दिवाळीपासून होळीपर्यंत जगायचा. भाताचे तुकडे लहान, पावसावरचे. भात संपलं की माणसं वीटभट्टीवर जातात, बांधकामावर जातात, किनाऱ्याला बोटींवर खलाशी म्हणून जातात. गवत विकलं गेलं तर जावं लागत नाही. इतकं साधं आहे ते.

चैतीमावशी मला भेटली ती गवतामुळेच. साठीच्या आतबाहेरची, नवरा नाही, एक मुलगा सुरेश, सून मंदा, नात. पाड्यात गवताची सुरुवात हिच्या घराकडे. पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलं की मावशी डोंगरावर जायच्या वाटेवर दोन्ही बाजूंची गवताची बुचकी ओढून त्यांची आडवी गाठ मारते. ती गाठ असेपर्यंत कोणी विळा घेऊन वर जायचं नाही. दसरा जवळ आला की ती रोज सकाळी एक कणीस तळहातावर चोळून बघते. बी आपण होऊन सुटलं, की समजायचं उतरणीवर सांडायला लागलं आहे. मग आणखी काही दिवस थांबायचं, आणि गाठ सोडायची. त्यानंतर सगळा पाडा एकदम चढतो. इथलं गवत दरसाल बियांपासून उगवतं. बी जमिनीत गेलं नाही तर पुढच्या पावसात उतरण टकली. झाडांवर भाषणं देणारी मी, मला हे ठाऊक नव्हतं.

ज्या वर्षी मी तिथं जायला लागले त्या दिवाळीला पाड्याच्या समितीनं गवत व्यापाऱ्याच्या हवाली न करता स्वतः तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या वखारीला नेलं. ट्रकवर चढून भारे रचणाऱ्यांत सुरेश होता. त्याआधी तो हंगामभर सातपाटीच्या बोटीवर असायचा. त्या वर्षी तो गेला नाही. मी मावशीला म्हटलं, "मावशी, आता खूश?"

"खूश काय," ती म्हणाली, "खायाला एक तोंड वाढलं." पण म्हणताना ती त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकत होती.

पुढच्या भादव्यात पाहणी आली. त्याच कंपनीला झाडं लावायला जमीन हवी होती, वनखात्याला लावलेली झाडं दाखवायची होती, दोघांनी मिळून डोंगर निवडला. जीप खाली रस्त्यावर थांबली. पाड्यातली माणसं भाताच्या आवणात बेणणीला, म्हणजे तण काढायला, गेली होती. मावशी एकटी वाटेवर होती. पाहणीवाल्या तरुणानं तिला जीपमधूनच विचारलं, वर कोणी जातं का. ही अभिमानानं म्हणाली, "नाय जात. कुणाला जाव देत नाय आमी. पाखरू बसलं तं बसलं." त्यानं पहिला भाग लिहून घेतला.

पुढचा अहवाल मला तोंडपाठ आहे, कारण मी तो इतक्या बैठकांत वाचून दाखवला आहे. उतरणीवर गवत उंच, कुठेही कापल्याच्या खुणा नाहीत, पायवाट अस्पष्ट, मानवी वापर आढळला नाही, सबब क्षेत्र पडीक व वृक्षलागवडीस योग्य. राखलं म्हणून पडीक. चोरानं हात लावला नाही म्हणजे बेवारस, तसं हे. दसऱ्याच्या आधी उगवतीच्या उतरणीला तारेचं कुंपण पडलं. बी सांडायच्या बेतात असलेल्या गवतावर जेसीबी फिरला, खड्डे झाले, आणि खड्डे मोजायला, रोपं उतरवायला ठेकेदारानं मजूर घेतले ते त्याच पाड्यातले. गेले ते. घरात भात संपत आलेलं असताना मजुरी दारात आली तर कोण नाही म्हणेल? मी पत्रकात 'आपल्याच हातांनी' असं एक वाक्य लिहिलं होतं. छापायच्या आधी काढलं.

त्या वर्षी मावळतीची उतरणच तेवढी कापायला मिळाली. अर्ध्या गवतावर सुरेश कसाबसा राहिला. पण अहवाल अख्ख्या डोंगराचा होता. दुसऱ्या उतरणीचा नंबर पुढच्या टप्प्यात. आम्ही मोर्चा नेला, निवेदनं दिली, पोच घेतली. शेवटी मी वरच्या साहेबांसमोर बसले. माणूस वाईट नव्हता, हे मला जड जातंय पण लिहिते. चहा मागवला, फाईल उघडली, फोटो माझ्याकडे फिरवले.

"मॅडम, हे बघा. गवत उभं आहे. लोक कापत असते तर कापलेलं दिसलं असतं."

"साहेब, ते दिवाळीला कापतात. बी पडल्यावर."

"असेल. पण मी 'असेल'वर सही करू शकत नाही ना. फेरपाहणी देतो. वापर दिसला तर पाड्याचा दावा मी स्वतः पुढे पाठवतो."

"फेरपाहणी दिवाळीनंतर ठेवा."

"पाहण्यांचा कार्यक्रम पावसाळ्यातच असतो. दिवाळीनंतर माझी माणसं वणव्याच्या कामाला लागतात."

मी दोन अर्ज दिले. उत्तर आलं: कार्यक्रम निश्चित आहे.

पुढच्या पावसाळ्यात, फेरपाहणीच्या आदल्या आठवड्यात, शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा भरली. मी उत्तर वाचून दाखवलं. मग सुरेश उठला.

"ताई, सायबाला कापलेलं पायजे ना? मंग कापू. उद्या कापू."

"बी नाय पडलं," चैतीमावशी बसल्या जागेवरून म्हणाली.

"आये, बी पडंपर्यंत डोंगर राहील का आपला?"

"आन बी नाय पडलं तं पुढल्या साली काय कापशील? दाढी?"

सगळे हसले. सुरेशही हसला, मग हसू पुसून म्हणाला, "पुढल्या सालचं पुढल्या साली. सायेब या साली येतोय."

लखमाकाका म्हणून पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, तो म्हणाला, "त्याला सांगा, दिवाळीला ये. फराळ देऊ. चकली खाईल, गवत बघील, जाईल."

"काका, ताईनं सांगून झालं. नाय येत तो."

"मंग त्याला चकली आवडत नसंल."

पुन्हा हसू, पण आता लहान. मावशी सुरेशकडे न बघता बोलली, "पोटातलं पोर काढून दाखवायचं का आता, की बघा, आमाला पोर व्हणार हाय?"

मला हक्काचा कागद हवा होता, त्यांना डोंगर हवा होता, आणि त्या ओट्यावर पहिल्यांदा या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. हात वर करायची वेळ आली. एकेक करत सगळे वर झाले. मावशीचा पदराखाली होता, तिथंच राहिला.

ठरलं. पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी पोचले तर विळे घेऊन पन्नासेक माणसं वाटेवर उभी, आणि कोणी हलत नव्हतं. वाटेवर गाठ होती. एवढीशी, ओल्या गवताची. लहान मूलही ओलांडून गेलं असतं. सगळ्यात जास्त बोललेला सुरेश सगळ्यात पुढे उभा होता आणि पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत होता.

मावशी आली. माणसं बाजूला सरली.

"सोड ना, आये," सुरेश म्हणाला.

"तू सोड. तूच बोलला ना काल."

त्यानं मान हलवली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मी त्या नजरेबद्दल लिहायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही. मग ती वाकली. गाठ ओली असल्यामुळे सुटेना, तिला दातानं धरावी लागली. सुटल्यावर तिनं दोन्ही बुचकी हातानं सरळ केली, जणू ती पुन्हा उभी राहायची होती. आणि विळा घेऊन पहिला झुपका तिनंच कापला, कारण तिनं कापल्याशिवाय बाकीचे कापत नाहीत. नियम मोडायलाही तीच लागली.

संध्याकाळपर्यंत उतरणीचा मधला मोठा भाग उघडा पडला. हिरवं गवत जड. भारे खाली आणताना माणसं घसरत होती. पाहणीवाले ठरल्या दिवशी आले, फोटो काढले, माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आता कसं स्पष्ट दिसतंय." मी "हो" म्हटलं. माझ्या कामात जिंकल्यासारखं वाटणारे क्षण फार नसतात. हा त्यातला असायला हवा होता.

हिरवं गवत साठवता येत नाही, वाळवायला ऊन नव्हतं. ढिगांतून वाफ निघायला लागली. हात घातला तर आत चटका. थोड्या दिवसांत सगळा पाडा आंबूस वासानं भरला. वखारवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, हे गवत नाय, भाजी हाय. मी म्हशीचं दुकान चालवतो, हाटेल नाय." मधला भाग कापून गेला होता, बाकी पावसात पडलं. त्या दिवाळीला ट्रक आला नाही.

सुरेश त्याच्याही आधी गेला होता. सातपाटीला, दांडीला विचारून पाहिलं, तोवर तिथल्या बोटींवर माणसं भरली होती. गुजरातच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आजूबाजूच्या पाड्यांत खलाशी गोळा करत होता. त्याच्याबरोबर हा आणि आणखी सहाजण निघाले. निघताना मी तिथं होते. पाठीवर नातीच्या शाळेची जुनी बॅग, तिच्यावर कार्टून.

"तिकडं समुद्रात पाकिस्तानची हद्द हाय म्हणं," मावशी मला विचारत होती. "दिसती का गं बाय, ती?"

"नाही दिसत, मावशी."

"मंग ह्याला कशी कळंल?"

"आये, तांडेलाला कळती," सुरेश म्हणाला. "मी काय बोट चालवतोय? मी जाळं ओढतोय." आणि मला, "ताई, कागद आला की फोन कर. लगेच येतो."

मंदा बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली. सकाळी टेम्पो येतो, पाड्यातल्या तरण्या बायका भरून नेतो, रात्री आणून सोडतो. त्यांतल्या काहींची बोटं आता भाराच्या दोरीपेक्षा चिकटपट्टीला जास्त सराईत झाली आहेत.

कागद उन्हाळ्यात आला. मावळतीच्या उतरणीवर पाड्याचा सामूहिक हक्क मान्य. शिक्का, सही, नकाशा. मी तो प्लास्टिकमध्ये घालून नेला, पेढे नेले. पाड्यानं ढोल वाजवला. मी सुरेशला फोन लावला तर लागला नाही. बोट बाहेर होती. शेवटच्या पानावर एक अट होती, ती मी सगळ्यांना वाचून दाखवली: दरवर्षी पावसाळी पाहणीत प्रत्यक्ष वापर आढळला पाहिजे, अन्यथा फेरविचार करण्यात येईल. 'फेरविचार' हा शब्द ज्यानं शोधला त्याच्यावर मी एक स्वतंत्र पत्रक काढणार आहे.

सध्या माझं भांडण दोन महिन्यांसाठी आहे. पाहणी भाद्रपदातून कार्तिकात न्या, एवढंच. हजारो एकर मागत नाही, पैसे मागत नाही. पोच सात आहेत. उत्तर एक, तेच.

यंदा पावसात उतरण पातळ उगवली. जिथं गेल्या साली कापलं होतं तिथं गवताऐवजी रानमोडी घुसली, जिला गुरं तोंड लावत नाहीत. बाजूच्या भागांत मात्र पडलेल्या कणसांनी थोडं बी दिलं होतं, तिथं गवत आलं. पाहणीची तारीख कळली तेव्हा मावशीनं ग्रामसभेत कोणाला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "जीप रस्त्याला थांबती. सायेब काय चढत नाय. रस्त्यावरून दिसंल तेवढीच पट्टी कापायची. वर कुणी विळा नेला तं मी हाय आन तो हाय." तसंच झालं. पट्टी कापली, फोटो निघाले, 'वापर आढळला'. ती इतकी सहज जिंकली की मला माझ्या मोर्चांची लाज वाटली. वरचं गवत वाचलं. पिवळं पडलं, कणसं धरली.

हे लिहायला घेण्याच्या आदल्या आठवड्यात मी पाड्यावर होते. मावशीनं कणीस तळहातावर चोळलं, बी सुटलं, दसऱ्यापासून चार दिवस जास्तच थांबली होती. वाटेवर आम्ही पाचजणी होतो: ती, तिच्या वयाच्या तीन बायका, आणि मी. लखमाकाका खाली दगडावर बसला होता, गुडघ्यानं वर येत नाही म्हणून. समितीनं ट्रकचं विचारलं होतं. वखारवाला म्हणाला, किती भारे ते आधी सांगा. टेम्पो सकाळीच गेला होता. त्या दिवशी सुट्टी टाकली तर हजेरी कापतात, म्हणून मंदा गेली. ज्यांना फोन लावले त्यांतल्या दोघांनी येतो म्हटलं होतं.

पातळ गवतावर भागणार नव्हतं म्हणून सुरेश यंदाही बोटीवरच गेला होता; त्याचा फोन आदल्या दिवशी आला होता, बोट बंदराला लागली तेव्हा. मावशीनं मला सांगितलं, तो विचारत होता बी पडलं का. तिनं सांगितलं, पडलं. तो म्हणाला, मंग काप. एवढंच बोलणं झालं, मग पैसे कापले जातात म्हणून त्यानं ठेवला.

तिनं गाठ सोडली. आम्ही चढलो आणि कापायला लागलो. माझा हात बसत नाही, गवत मुळाशी न कापता मधेच तुटतं. ती दोनदा येऊन माझा विळा वाकडा करून गेली. ऊन वर आलं तेव्हा मागे वळून पाहिलं. पाचजणींनी कापलेली जागा अंगणाएवढी होती. बाकीची उतरण वाऱ्यानं एका अंगाला झुकून पुन्हा सरळ होत होती, खालपासून माथ्यापर्यंत उभी.

मावशी कंबरेवर हात ठेवून ते बघत होती.

"बाय, तुझ्या त्या सायबाला आता बोलव," ती म्हणाली.

"आता कशाला, मावशी?"

"सांग त्याला, तुझं ते लिही आता. वर कोण जात नाय, कोण कापत नाय." तिनं विळा पदरानं पुसला. "आता लिहिलं तं खरं हाय."

मग तिनं पुढच्या झुपक्याला हात घातला.